घराला कठडा : लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचे जीवनकार्य

पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधले की त्याच्या धाब्याला कठडा करावा. नाहीतर कोणी वरून पडला तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. वाचता वाचता आपण ती सहज ओलांडून पुढे जातो. पण क्षणभर थांबून पाहा. पडणारा मनुष्य निष्काळजी होता की काय, त्याने खाली पाहिले होते की नाही, हे ती आज्ञा विचारीत नाही. माणसे धाब्यावर येणार, आणि येणाऱ्यांपैकी कोणाचा तरी पाय कधीतरी घसरणार, हे ती गृहीतच धरते. म्हणून ती जबाबदारी टाकते ती घराच्या धन्यावर. आणि तीही अपघात झाल्यानंतर नव्हे, अपघातापूर्वी.

ही आज्ञा कारखान्याच्या छपराखाली आणण्यासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे वेचली, त्या ख्रिस्ती गृहस्थाचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे. अँथनी अ‍ॅश्ली कूपर हे त्यांचे नाव. पुढे ते शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल झाले आणि जग त्यांना लॉर्ड शाफ्ट्सबरी म्हणून ओळखू लागले. अनाथांचे कैवारी, बायबल सोसायटीचे अध्यक्ष, गरिबांच्या शाळांचे आधारस्तंभ म्हणून त्यांचे नाव आपण ऐकले असेल. यंत्राला जाळी असावी, दमलेल्या हातांना विश्रांती असावी, विषारी धुराला वाट असावी, या साध्या गोष्टींसाठी त्यांनी केलेला झगडा मात्र फारसा सांगितला जात नाही.

दासीने पेरलेले बीज

त्यांचा जन्म २८ एप्रिल १८०१ रोजी लंडनमध्ये झाला. घराणे थोर, संपत्ती मोठी. पण मुलाच्या वाट्याला मायेची ऊब आली नाही. वडील करडे, आई समारंभांत दंग. त्या थंड घरात मरायाह मिलिस नावाची एक वृद्ध गृहव्यवस्थापिका होती. तिने या बालकाला मांडीवर बसवून शास्त्रातील गोष्टी सांगितल्या व पहिली प्रार्थना शिकविली. मुलगा सातव्या वर्षी शाळेत गेला, ती शाळाही क्रूर निघाली; आणि थोड्याच काळात ती बाईही निवर्तली. तिने त्यांना आपले सोन्याचे घड्याळ ठेवले होते. पुढे उमराव झाल्यावरही ते दुसरे घड्याळ वापरीत नसत. ज्या घरात धनी प्रेम देऊ शकले नाहीत, तेथे एका पगारी सेविकेने एका सुधारकाचा पाया घातला, ही गोष्ट आपण विसरू नये.

पुढे हॅरोच्या शाळेत असताना त्यांनी एका कंगालाची अंत्ययात्रा पाहिली. खांदेकरी दारू प्यालेले होते. त्यांनी शवपेटी रस्त्यावर पाडली आणि ते शिव्या देऊ लागले. मागे शोक करणारा एकही आप्त नव्हता. गरिबाच्या देहाला मरणानंतरही मान नाही, हे पाहून त्या मुलाचे मन हादरले. दुर्बलांसाठी आयुष्य वेचण्याचा निश्चय आपण तेथे केला, असे ते पुढे सांगत.

ऑक्सफर्ड येथे त्यांनी १८२२ मध्ये पहिल्या वर्गात पदवी मिळविली. १८२६ मध्ये ते पार्लमेंटात गेले, आणि दोनच वर्षांनी हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळावर त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास वेड्यांच्या इस्पितळांतील साखळदंडांची चौकशी त्यांनी हाती घेतली. ते काम त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. १८३० मध्ये एमिली कूपर या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. ही पत्नी त्यांच्या कार्यात खरी सहचारिणी ठरली.

गिरणीच्या दारात

१८३३ च्या आरंभी पाद्री जॉर्ज बुल हे गिरणी कामगारांच्या वतीने त्यांच्याकडे आले. मुलांच्या कामाचे तास दहावर आणणारे विधेयक ज्यांनी मांडले होते, ते मायकेल सॅडलर निवडणुकीत पराभूत झाले होते. कामगारांना पार्लमेंटात वाली उरला नव्हता. लॉर्ड अ‍ॅश्ली यांनी तोवर गिरणीचा विषय अभ्यासलेला नव्हता. हे काम पत्करले तर मंत्रिपदाची आशा संपेल, आपल्याच वर्गातील लोक तोंड फिरवतील, हे त्यांना दिसत होते. त्यांनी विचारासाठी वेळ मागून घेतला, प्रार्थना केली, आणि पत्नीसमोर सर्व तोटे मांडले. तिने न कचरता संमती दिली. त्यांनी होकार कळविला.

त्या काळची कापडगिरणी कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय या होकाराची किंमत कळणार नाही. खाली वाफेचे इंजिन असे. त्याची गती उभ्या लोखंडी दांड्याने मजल्यामजल्यांवर नेली जाई. प्रत्येक मजल्यावर छताखालून आडवे दांडे फिरत, आणि त्यांवरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्राकडे येत. हे सारे उघडे असे. तुटलेले सूत जोडण्यासाठी आणि यंत्राखाली साठलेला कापूस झाडण्यासाठी मुले ठेवली जात. कारण त्यांची बोटे बारीक, अंग लहान, आणि मजुरी त्याहून लहान. यंत्र चालू असतानाच ती त्याच्याखाली सरपटत शिरत. सदऱ्याची बाही, परकराचा घोळ किंवा सुटलेले केस फिरत्या दांड्याला लागले की माणूस क्षणात गुंडाळला जाई.

अपघात झाला की उत्तर ठरलेले असे : पोर बेसावध होते. वाचकहो, पहाटेपासून बारा-तेरा तास उभे असलेले दहा वर्षांचे मूल सावध कसे राहणार? अ‍ॅश्ली यांनी नेमके येथेच बोट ठेवले. कामाचे तास आणि अपघात हे दोन विषय नसून एकच आहेत, हे त्यांनी ओळखले. दमलेले शरीर हाच एक धोका असतो. आणि तो धोका मजुराने नव्हे, कामाची वेळ ठरविणाऱ्याने निर्माण केलेला असतो.

१८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना मनाई केली (रेशमाच्या गिरण्या मात्र सुटल्या), तेरा वर्षांखालील मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, आणि चार सरकारी निरीक्षक नेमले. अ‍ॅश्ली यांना हवे होते तेवढे मिळाले नाही; पण निरीक्षकाने दार ठोठावून आत येण्याचा पायंडा पडला. कायदा कागदावर असणे वेगळे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला कोणी येणे वेगळे.

१८४० मधील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. स्टॉकपोर्ट भागातील एका गिरणीत एका तरुण मुलीचे कपडे उघड्या दांड्यात अडकले आणि ती भयंकर जखमी झाली. तिच्याजवळ वकिलाला द्यायला पैसा कोठला? अ‍ॅश्ली यांनी तिच्या वतीने मालकावर दावा लावला आणि खर्चाची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली. तिला शंभर पौंड भरपाई मिळाली. रकमेपेक्षा निकालाचा अर्थ मोठा होता. कठडा न घालणाऱ्या धन्याला दोषातून सुटता येत नाही, हे प्रथमच अनेकांच्या ध्यानी आले. १८४४ च्या कायद्यात फिरत्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती आली. यंत्र चालू असताना ते साफ करण्याच्या कामावर मुले व स्त्रिया यांना लावण्यास मनाई झाली, आणि अपघाताची खबर देणे मालकावर बंधनकारक झाले.

अंधारात बसलेले मूल

दरम्यान त्यांच्याच मागणीवरून १८४० मध्ये मुलांच्या नोकरीची चौकशी करणारा आयोग नेमला गेला. त्याने प्रथम कोळशाच्या खाणी पाहिल्या. १८४२ चा तो अहवाल चित्रांसह प्रसिद्ध झाला आणि इंग्लंडचे सुशिक्षित लोक शरमेने खाली पाहू लागले. पाच-सहा वर्षांची मुले खाणीच्या भुयारात दिवसभर अंधारात एकटी बसत. हवा खेळती राहावी म्हणून मध्ये दारे असत. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचे आणि गेली की बंद करायचे, हे त्यांचे काम. दार उघडे राहिले तर हवेची वाट चुकून स्फोटक वायू साठे. म्हणजे शेकडो माणसांचा जीव एका पेंगुळलेल्या बालकाच्या हाती सोपविलेला होता! माणसांना वरखाली नेणारे इंजिनही पुष्कळदा पोरसवदा मुलांच्या ताब्यात असे. त्यापूर्वी, ४ जुलै १८३८ रोजी, यॉर्कशायरमधील सिल्कस्टोन येथील खाणीत वादळी पावसाचे पाणी शिरून सव्वीस मुले बुडून मेली होती.

७ जून १८४२ रोजी अ‍ॅश्ली सुमारे दोन तास बोलले. विरोधकांच्या डोळ्यांतही पाणी आले. त्या वर्षीच्या कायद्याने स्त्रिया, मुली व दहा वर्षांखालील मुलगे यांना भुयारात उतरविणे बंद झाले, आणि माणसे नेणारे इंजिन पंधरा वर्षांखालील कोणाच्याही हाती देण्यास मनाई झाली. ही शेवटची तरतूद लहान वाटते. पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. ज्या जागी एका चुकीने अनेकांचा जीव जाईल, त्या जागी कोणाला बसवायचे हे स्वस्ताईवर ठरवू नये.

विरोध आणि टीका

सुधारणेचा मार्ग सरळ नव्हता. विलायती माल महाग होईल, परदेशी स्पर्धक पुढे जातील, सारा नफा शेवटच्या तासातच होतो, आईबापांच्या स्वातंत्र्यावर घाला येतो, असे आक्षेप नामांकित अर्थशास्त्री व मालक घेत होते. १८४१ मध्ये पंतप्रधान पील यांनी राजवाड्यातील एक मानाचे पद देऊ केले. ते घेतले असते तर तोंड बंद झाले असते, म्हणून अ‍ॅश्ली यांनी नाकारले. १८४६ मध्ये धान्यकराच्या प्रश्नावर मत बदलल्यामुळे आपल्या मतदारांशी प्रामाणिक राहण्यासाठी त्यांनी जागेचा राजीनामा दिला. त्यामुळे दहा तासांचा कायदा १८४७ च्या जून महिन्यात मंजूर झाला तेव्हा तो सभागृहात जॉन फील्डन यांनी मांडलेला होता. चौदा वर्षे पेरणी करणारा कापणीच्या वेळी शेतात नव्हता. तरीही पीक आले याचा त्यांना आनंदच झाला.

त्यांच्यावरील सर्वांत बोचणारी टीका मात्र वेगळी होती. गिरणीमालकांचे पुढारी जॉन ब्राइट यांनी विचारले की, आमच्या गिरण्यांतील दुःख ज्यांना दिसते त्यांना स्वतःच्या डॉर्सेटमधील शेतमजुरांच्या झोपड्या का दिसत नाहीत? प्रश्न खरा होता. ती जमीन तेव्हा वडिलांची होती, मुलाच्या हाती काही नव्हते; तरी अ‍ॅश्ली यांनी १८४३ मध्ये डॉर्सेटच्याच जमीनदारांच्या मेळाव्यात मजुरांची दैना उघड बोलून दाखविली आणि वडिलांचा रोष ओढवून घेतला. १८५१ मध्ये जहागीर हाती आल्यावर त्यांनी कर्जात असूनही नवी घरे बांधण्यास सुरुवात केली. दुसऱ्याच्या धाब्याला कठडा मागणाऱ्याने स्वतःच्या धाब्याकडे पाहिले पाहिजे, ही परीक्षा त्यांनी टाळली नाही.

ते निर्दोष होते असे नाही. कामगारांचे हित त्यांनी जिवापाड जपले, पण कामगारांना मताधिकार देण्याच्या ते विरुद्ध होते. १८५० मध्ये त्यांनी ठरावीक वेळांच्या बदल्यात साडेदहा तासांची तडजोड पत्करली, तेव्हा अनेक कामगारांनी त्यांना विश्वासघातकी म्हटले. आणि मिळालेले यश टिकतेच असेही नाही : १८५५ मध्ये गिरणीमालकांनी संघ स्थापून दांड्यांच्या कुंपणाविरुद्ध लढा दिला, आणि १८५६ च्या कायद्याने ते बंधन बरेच सैल केले. जीव वाचविणारा नियम एकदा मिळाला म्हणून कायमचा मिळतो, असे समजू नये.

लहान धंदा, मोठा धोका

आता अशा भागाकडे येऊ, जो आपल्यापैकी अनेकांना अधिक जवळचा वाटेल. मोठ्या गिरण्या डोळ्यांत भरतात. निरीक्षक तेथे जातो, वर्तमानपत्रे लिहितात. पण गल्लीतल्या खोलीत चाललेला धंदा कोण पाहतो?

सर्वांत लहान धंदा म्हणजे धुराडी साफ करण्याचा. एक मालक आणि दोन-चार मुले, एवढाच त्याचा पसारा. घरांची धुराडी कधी कधी नऊ इंच रुंद आणि चौदा इंच लांब एवढीच असत. चार-पाच वर्षांच्या मुलाला त्यात चढविले जाई. कोपर व गुडघे सोलून निघत. ती घट्ट व्हावीत म्हणून त्यांवर मिठाचे पाणी चोळीत. मुले अडकून गुदमरत. मोठेपणी काजळीमुळे त्यांना कर्करोग होई, हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ मध्येच दाखवून दिले होते. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे वैद्यकाने प्रथम ओळखले ते याच मुलांमध्ये. आणि हे सर्व टाळता येण्याजोगे होते! लांब दांड्याचा ब्रश शतकाच्या आरंभीच निघालेला होता. पण मूल स्वस्त होते, आणि प्रतिष्ठित घरांतील लोकांना ब्रशाने गालिचे खराब होतील अशी भीती वाटे.

१८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविण्यास बंदी केली. ती कोणी पाळली नाही. अ‍ॅश्ली यांना असे एक मूल आपल्याच घरामागे आढळले. त्यांनी त्याला सोडवून शाळेत घातले. १८६४ मध्ये दुसरा कायदा झाला, तोही फसला. न्यायाधीश डोळेझाक करीत, गृहिणी गप्प बसत. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा केंब्रिजजवळ एका धुराड्यात अडकून मेला. चौऱ्याहत्तर वर्षांचे शाफ्ट्सबरी पुन्हा उभे राहिले. या वेळच्या कायद्याने या धंद्याला परवाना लागू केला, आणि तपासणी पोलिसांवर सोपविली. तेव्हा कुठे ही प्रथा संपली. आधीचे कायदे चुकीचे नव्हते. ते पाहणारे कोणी नव्हते.

याच जाणिवेतून १८६१ मध्ये शाफ्ट्सबरी यांनी उमरावांच्या सभेत दुसऱ्या आयोगाची मागणी केली. त्याने लहानसहान उद्योग धुंडाळले. काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचे जबड्याचे हाड सडत असे. कुंभारकामात झिलईतील शिसे व मातीची धूळ शरीरात जाई. काडतुसे भरणाऱ्या खोल्यांत एका ठिणगीचा अवकाश असे. १८६४ च्या कायद्याने अशा सहा धंद्यांना कारखान्यांचे नियम लागू केले. काम करण्याच्या जागी वायू व धूळ निरुपद्रवी होईल इतकी हवा खेळविणे सक्तीचे झाले, आणि काडेपेटीच्या कामगारांनी रसायनाच्या खोलीत बसून जेवू नये असे ठरले. हात धुऊन वेगळ्या जागी जेवणे ही केवढी साधी गोष्ट! पण तिने जबडे वाचत होते.

१८६७ मध्ये पन्नासांहून कमी माणसांच्या कार्यशाळांसाठी निराळा कायदा झाला. त्याची देखरेख मात्र स्थानिक संस्थांकडे दिली. त्या संस्थांत पुष्कळदा तेच मालक किंवा त्यांचे स्नेही बसत. त्यामुळे कायदा निजून राहिला. अखेर १८७१ मध्ये ते काम सरकारी निरीक्षकांकडे गेले. त्याच वर्षी विटांच्या भट्ट्यांवर ओल्या मातीचे ओझे वाहणाऱ्या मुलींची हकीकत शाफ्ट्सबरी यांनी उमरावांपुढे मांडली, आणि सोळा वर्षांखालील मुलींना त्या कामावर घेणे बंद झाले.

मुंबईच्या गिरण्यांकडे

त्यांची दृष्टी आपल्या देशाकडेही वळली होती. मुंबईत कापडगिरण्या वाढत होत्या, आणि मँचेस्टरमध्ये पूर्वी घडले तेच येथे घडू लागले होते. १८७५ मध्ये शाफ्ट्सबरी यांनी हा विषय पार्लमेंटात काढला. त्याच वर्षी मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला, पण आयोगाच्या बहुसंख्य सभासदांना कायद्याची गरज वाटली नाही. १८७९ मध्ये त्यांनी पुन्हा मागणी केली. लँकेशायरच्या मालकांनाही हा कायदा हवा होता, पण तो मुंबईची स्पर्धा रोखण्यासाठी. हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. येथे मात्र सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे गृहस्थ निर्मळ हेतूने तीच मागणी करीत होते.

१८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना मनाई, बारापर्यंतच्यांना नऊ तास, महिन्याला चार सुट्ट्या, धोक्याच्या यंत्राला कुंपण, एवढेच त्यात होते. आणि तोही शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरता. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढचे पाऊल टाकले. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सादर केले. साप्ताहिक सुट्टीबरोबरच, कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत पगार मिळावा आणि अपंग झालेल्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी त्यात होती. भरपाईचा कायदा या देशात १९२३ मध्ये झाला. पांढऱ्या फॉस्फरसच्या काडेपेट्यांवरील बंदी १९१३ मध्ये आली.

आपल्या धाब्याकडे पाहा

कायद्याने माणसांची संख्या पाहायची असते, तेव्हा त्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते. १८८१ मध्ये ती शंभरावर होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने ती विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहावर आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीसवर आणली. २०२० च्या संहितेत ती वीस व चाळीस अशी पुन्हा वर सरकली. पण वाचकहो, आठ माणसांच्या खोलीतील प्रेस यंत्राला हा आकडा ठाऊक नसतो. बोट सापडले तर ते तितक्याच जोराने खाली येते. रेघेच्या आत नसणे म्हणजे धोक्याच्या बाहेर असणे नव्हे. जेथे निरीक्षक येत नाही, तेथे धन्याची सद्सद्विवेकबुद्धी हाच निरीक्षक.

आपणांपैकी कोणी पुण्यात, कोणी कोइमतूरला, कोणी फरिदाबाद किंवा इंदूरला लहानसा कारखाना चालवीत असेल; कोणी तेथे कामाला जात असेल. शाफ्ट्सबरी यांच्या चरित्रातून त्यांना काही सरळ प्रश्न विचारता येतात. पट्ट्याला व दात्यांच्या चाकांना जाळी आहे काय, आणि कामाची घाई झाली की ती काढून भिंतीला टेकवून ठेवली जाते काय? यंत्र साफ करताना नुसते बटण बंद करतात, की मुख्य वीजपुरवठा तोडून कोणी चुकून चालू करणार नाही अशी सोय करतात? ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांविषयी नियम आहे काय? फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू देतात काय? तेथे हातमोजा हात वाचवीत नाही. तोच हाताला आत ओढतो. आम्लाच्या टाकीजवळ डबा उघडून जेवतात काय? रात्री चोरी होईल म्हणून मागचे दार बाहेरून कुलपात ठेवून आत माणसे निजतात काय? थोडक्यात वाचलेल्या प्रसंगाची नोंद होते, की देवाने तारले म्हणून तो विसरला जातो? देवाने तारले हे खरे. पण तो इशाराही होता.

आणि क्रमही ध्यानात ठेवावा. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते पाहावे, जसे मुलाऐवजी ब्रश आला. ते शक्य नसेल तर माणूस व धोका यांच्यामध्ये आड घालावी, जशी दांड्याभोवती जाळी आली. त्यानंतर तास, विश्रांती व शिक्षण. चष्मा आणि हातमोजे सर्वांत शेवटी. कारण त्यांच्यावर सारा भार टाकणे म्हणजे धन्याने आपला कठडा मजुराच्या अंगावर बांधणे होय. जाळीला पैसे लागतात हे खरे. पण एका हाताची किंमत कोणत्या वहीत लिहिणार?

अखेरचे दिवस

१८७२ मध्ये पत्नी निवर्तली. शाफ्ट्सबरी यांची श्रवणशक्ती मंदावली, कर्जे पूर्ण फिटली नाहीत, तरी काम थांबले नाही. जगात एवढे दुःख शिल्लक असताना जग सोडून जाण्याचे त्यांना वाईट वाटे. १ ऑक्टोबर १८८५ रोजी फोकस्टोन येथे त्यांनी प्रभूमध्ये विसावा घेतला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये त्यांची अंत्यविधीची उपासना झाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गरिबांची दाटी झाली होती. ज्यांनी बालपणी आप्तांविना निघालेली एक शवपेटी पाहिली होती, त्यांच्या मागे सारे लंडन चालत होते. देह मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे गावाकडील लहान चर्चजवळ, आपल्या माणसांशेजारी ठेवला गेला.

त्यांनी दया केली असे आपण म्हणतो. ते अपुरे आहे. जखमीला उचलणे ही दया होय, आणि तो चांगल्या शोमरोन्याचा धर्म आहे. पण त्याच वाटेवर रोज कोणी ना कोणी जखमी होत असेल, तर ती वाट सुरक्षित करणे हीही शेजाऱ्यावरील प्रीतीच होय. शाफ्ट्सबरी यांनी दोन्ही केले. आपल्या हाताखाली एकच माणूस काम करीत असला, तरी तो आपल्या धाब्यावर आलेला आहे. त्याचा पाय घसरण्याआधी, आजच, आपण आपला कठडा तपासून पाहू या.